डाग तसेच राहू देत

मी एक सिंबल बोलतोय. बोलणारा मी असलो तरी लिहिणारा हात रघुजीचा आहे, म्हणून सुरुवातीलाच माफी मागून घेतो. रघुजीची शाळा आठवीत सुटली, आणि तीही कानडी शाळा होती. मराठी अक्षरं त्याने काकूच्या कॅलेंडरवरून उचलली. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे त्याला कळत नाही आणि मला विचारण्यात अर्थ नाही, कारण माझ्या तोंडून निघालेलं सगळंच दीर्घ असतं. शब्दही साधेच मिळतील. चुका त्याच्या आणि फुशारकी माझी, असं समजून वाचा.

सिंबल म्हणजे काय, हे आधी सांगतो. ड्रम वाजवणाऱ्याच्या समोर उभ्या दांडीवर एक मोठं धातूचं ताट टांगलेलं असतं, मधे फुगीर आणि फुगवट्याला भोक. त्याला काठीने मारलं की 'छ्यांऽऽ' होतं. तो मी. भजनातल्या झांजेचा मी लांबचा भाऊ. झांजा निदान जोडीने असतात, एकमेकींना मारतात, म्हणजे भांडण बरोबरीचं तरी असतं. मी एकटाच मार खातो आणि लोक त्याला ताल म्हणतात.

माझा जन्म सत्तर वर्षांपूर्वी इस्तंबूलमधल्या एका भट्टीत झाला. तिथे धातू मिसळताना दार लावून घ्यायचे, कारण ते म्हणे पिढ्यानपिढ्यांचं गुपित होतं. गुपित काय, तर चार भाग तांबं आणि एक भाग कथील. म्हणजे कासं! हेच कासं आपल्याकडे तळपाय घासायच्या वाटीत असतं आणि त्यासाठी कुणी दार लावत नाही. पण मी गप्प बसलो. मोठ्या घराण्याची अब्रू आपण कशाला काढा?

मला आधी जाड भाकरीसारखं ओतलं, मग लालभडक तापवून लाटलं, पुन्हा तापवलं आणि पाण्यात बुडवलं. लोखंड असं बुडवलं की कडक होतं. आमचं उलटं. आम्ही पाण्यात पडलो की हातोडा सोसण्याइतके नरम होतो, आणि तापवून तसंच हवेत निवू दिलं तर काचेसारखे होतो, नुसतं रागावून बघितलं तरी फुटू. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्या जिवावर बेतणार आहे. मग एका मिशीवाल्या म्हाताऱ्याने हजारभर घाव घालून मला आवाज दिला, लेथवर फिरवून अंगावर बारीक रेघा काढल्या, पाठीवर शिक्का मारला आणि माझ्याकडे न बघता पुढचं ताट हातात घेतलं.

आमच्या नातेवाइकांचंही सांगतो. एक पितळेचे, तांब्यात जस्त घातलेले. स्वस्त आणि मऊ, शाळेच्या बँडमध्ये असतात, आवाज डबा पडल्यासारखा. दुसरे जर्मन सिल्व्हरचे. नावात चांदी आहे, अंगात औषधालाही नाही. तांबं, जस्त आणि निकेल यांची ती खिचडी. तिसरे आले ते विजेच्या गिटारी कर्कश झाल्यावर. त्यांच्यात शंभरात आठच भाग कथील. कथील कमी म्हणून त्याचा लांबच लांब पत्रा निघतो, आणि मशीन त्यातून पापडासारख्या चकत्या पाडतं. शंभर काढा, शंभरही सारखेच झणझणतात. आमच्यासारख्या ओतीव सिंबलांत कथील जास्त, त्यामुळे आवाज गोड आणि स्वभाव ठिसूळ. घाव बसला की पितळ वाकतं. कासं वाकत नाही, चिरतं.

जहाजाने मी हिंदुस्थानात आलो आणि बेंगळुरूच्या कंटोन्मेंटातल्या एका हॉटेलात कामाला लागलो. तिथला ड्रमवाला मला बोटांनी पुसायचा आणि गोऱ्या-काळ्या सगळ्या साहेबांच्या बायकांना माझ्या तालावर नाचवायचा. पुढे तो बिऱ्हाड उचलून ऑस्ट्रेलियाला गेला आणि मी एका लग्नाच्या बँडकडे गेलो. तिथे एका वरातीत नवऱ्या मुलाच्या मामाच्या अंगात आलं. काठी मिळेना म्हणून त्याने आचाऱ्याचा झारा आणला आणि बरोबर माझ्या कडेवर हाणला. मुलाचं लग्न लागलं आणि मला चीर पडली. पेराएवढी, पण चीर.

बँड बुडाला, तेव्हा मी झाकण झालो. खोटं कशाला बोलू, पंधरा वर्षं मी बिर्याणीच्या पातेल्यावर काढली. माझ्या भोकातून वाफ निघायची आणि लोक म्हणायचे, काय सोय केलीय! अंगावर तेल, हळद, धूर, ओल यांची पुटं चढली. मी हिरवट, काळपट, ठिपक्याठिपक्यांचा झालो.

अशा अवस्थेत निहारने मला संडे बाजारात पाहिलं. निहार पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरवर काम करणारा.

"ये क्या है?" त्याने विक्रेत्याला विचारलं.

"मुच्चळ, सर. बिर्याणी मुच्चळ. सूपर कंडिशन."

निहारने मला उलटं केलं. पाठीवरच्या पुटाखाली त्याला शिक्क्याचं अर्धं अक्षर दिसलं. मुच्चळ म्हणजे झाकण, एवढं कानडी त्याला येत होतं. त्याने झाकणाचेच पैसे दिले. कधी नव्हे ते एक पुणेकर चूक दुरुस्त न करता निघून आला.

त्याच्या नवव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एका भिंतीवर अकरा सिंबल टांगलेले होते. ओळीने पितळ, जर्मन सिल्व्हर, पत्र्याचं कासं, आणि शेवटी एक रिकामा खिळा, जुन्या ओतीव काशासाठी. प्रत्येकाखाली चिठ्ठी: साल, गाव, मिश्रण, वजन. वजन तो स्वयंपाकाच्या काट्यावर करायचा, ग्रॅमपर्यंत. संग्रह करणारी माणसं मला कळत नाहीत. वाजवायची वस्तू आणायची, तिचं वजन करायचं, फोटो काढायचा आणि तिला भिंतीवर लटकवून समाधानाने झोपायचं. पण निहारला खरंच कान होता. एकदाच त्याने एका पत्र्याच्या सिंबलला मनापासून काठी मारली होती. दहाव्या मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "कुणाची भांडी पडतायत का?" तेव्हापासून तो नखाने टिचकी मारायचा आणि कान लावून ऐकायचा.

मला त्याने टिचकी मारली, ऐकलं आणि डोळे मिटले. मग माझी चीर पाहिली आणि डोळे उघडले. अशी चीर लेथची रेघ धरून पुढे जाते. एक दिवस ती गोल फिरून येते आणि मग सिंबलच्या जागी एक कडं आणि एक बशी उरते.

दुरुस्ती कोण करेल, हे त्याने फोनवर शोधलं. चामराजपेटेतलं एक दुकान निघालं: भांडी, कल्हई, डाग, पॉलिश, मालक शंभूराज. मराठी नाव बघून निहार एवढा खूश झाला की रविवारी सकाळी मला उशीच्या अभ्र्यात घालून तिथे हजर.

हेच रघुजीचं दुकान. म्हणजे दुकान काकाचं, हात रघुजीचे. रघुजी तेवीस वर्षांचा. काकाला तो अण्णा म्हणतो आणि काकूला अक्का. या गावात चारशे वर्षं काढली की नाती मराठी राहतात आणि हाका कानडी होतात. रघुजी दिवसभर चिंच आणि राख घेऊन भांडी घासतो. गिऱ्हाईक आलं की मान खाली घालून आणखी जोरात घासतो. त्याला बोलायचं नसतं असं नाही. वाक्य घशाशी तयार होऊन येतं, पण बाहेर पडेपर्यंत गिऱ्हाईक रिक्षात बसलेलं असतं.

"काका, हे सिंबल आहे," निहार म्हणाला.

"सिंबॉल? कुठल्या पार्टीचा?" शंभूराज म्हणाले. "विलेक्शनला उभे राहताय काय?"

"नाही हो, ड्रमचं. व्हिंटेज पीस आहे. हा बघा क्रॅक. त्याचं काहीतरी करायचंय. पण काका, एक रिक्वेस्ट. डाग तसेच राहू देत हां. डाग गेला तर मी संपलो."

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. पुण्यात डाग म्हणजे कपड्यावर पडतो तो. निहारला म्हणायचं होतं की माझ्या अंगावरचे हिरवे-काळे ठिपके घासू नका. संग्रह करणाऱ्यांना हा कळकटपणा फार पवित्र असतो. सत्तर वर्षांचा मळ म्हणजे त्यांच्या लेखी जन्मदाखला. पण शंभूराजांच्या दुकानात डाग म्हणजे झाळ. फुटलेल्या भांड्याला आगीवर धातू वितळवून जोड देतात, तो डाग.

शंभूराजांची छाती फुगली. "डागाची काळजी सोडा तुम्ही. आमच्या घराण्याचा डाग चार पिढ्यांत निघालेला नाही."

निहारला वाटलं, ही बेंगळुरी नम्रता. "वा! मग अगदी मनासारखं झालं. सगळीकडे राहतील ना डाग, अगदी कडेपर्यंत?"

"तुम्ही म्हणाल तिथपर्यंत देतो की."

"आहेत तेवढे पुरेत काका."

"सरी. शनिवारी या," शंभूराज म्हणाले. सरी म्हणजे ठीक आहे.

दोघांनी एकमेकांकडे बघून हात जोडले. इतकी सुंदर समजूत मी कंटोन्मेंटातही पाहिली नव्हती. कोपऱ्यात रघुजीचा हात एका समईवर थांबला होता. सगळ्या दुकानात त्याला एकट्याला कळलं की दोघे दोन वेगळ्या डागांबद्दल बोलले. त्याचं वाक्य घशाशी आलं. तोवर निहारची कॅब वळली.

शंभूराजांनी मला उचलून वाजवलं. "पितळ आहे," म्हणाले. "गुरुवारी गॅसवर घेऊ. डाग देऊ आणि मग आरशासारखं घासू. पुणेकर थोबाड बघेल त्यात."

मला, काशाला, पितळ समजून तापवणार! त्यांचाही दोष नाही. कासं आता कुणाच्या घरात राहिलंय? सगळीकडे स्टील. हल्ली दुकानात येतात ती कुकरची हँडलं आणि देवघरातली पितळ. काशाची ओळख हाताला होते आणि हात विसरतात.

रघुजीचे विसरले नव्हते. रात्रीचं जेवण झालं की गोजराबाई, म्हणजे अक्का, तळपायाला खोबरेल लावून काशाच्या वाटीने पाय घासून घेतात, आणि घासणारा रघुजीच. सोमवारी त्याने माझ्या चिरेची कड बोटाने चाचपली. आतला दाणा फिकट होता, खडबडीत, मोडलेल्या खडीसाखरेसारखा. पितळ असं मोडत नाही. त्याने माझा वास घेतला, वजन पाहिलं, आणि मग नखाने टिचकी मारून कान लावला, थेट निहारसारखा. मी जीव तोडून वाजलो. मंगळवारी त्याने पावतीवरच्या नंबरला फोन लावला.

"हॅलो, येस, निहार हिअर, आय ॲम इन अ मीटिंग," पलीकडून आलं.

रघुजीने दोन वेळा श्वास घेतला आणि "सरी" म्हणून फोन ठेवला. निहारला वाटलं, कुणीतरी चुकून लावला आणि सॉरी म्हणालं. बुधवारी रघुजी अण्णांसमोर तीनदा जाऊन उभा राहिला. एकदा अण्णांनी त्याला टाकणखार आणायला पाठवलं, एकदा चहा, एकदा "नुसता उभा काय राहतोस, पंख्यासमोरून सर."

गुरुवारी दुपारी मला विटांवर निजवलं. शंभूराजांनी झाळ धरावी म्हणून चिरेवर टाकणखार भुरभुरला, पितळेची तार काढली आणि गॅसची नळी पेटवली. निळी जीभ फुस्स करून बाहेर आली. माणसं म्हणतात, मरताना सगळा जन्म डोळ्यांसमोरून जातो. मला फक्त बिर्याणी आठवली.

तेवढ्यात माडीवरून अक्कांचा आवाज आला. "रघ्या! माझी पायाची वाटी कुठाय रे?"

वाटी रघुजीच्या खिशात होती. त्याने ती काढली आणि बोटावर तोलून हातोडीच्या दांड्याने वाजवली. टिंऽऽऽ. मग शेजारचा पितळी तांब्या वाजवला. टक्. मग पुढे होऊन, ज्योतीखालून हात घालून मला वाजवलं. वाटीचाच आवाज, फक्त दहा पट लांब.

"काय चाललंय?" शंभूराज म्हणाले. "शाळा सुटली काय? हात भाजेल, मागे हो."

रघुजी मागे झाला नाही. त्याचे कान लाल झाले होते. "अण्णा, हे पितळ नाही. कंचु आहे."

कंचु म्हणजे कासं.  रघुजीने आपणहून सहा शब्द बोलण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"मला शिकवतोस? माझ्या आजाने..."

"अक्काच्या लग्नातलं ताट," रघुजी म्हणाला.

  या घरात काहीही बोललं तरी चालतं, ते ताट सोडून. अक्कांच्या आईने त्यांना लग्नात काशाचं ताट दिलं होतं. त्याला चीर पडली तेव्हा नव्या नवऱ्याने मोठ्या तोऱ्यात डाग देऊन आणला. संध्याकाळी अक्कांनी त्यात गरम भात वाढला आणि ताटाचे पाच तुकडे झाले. तेव्हापासून तेहेतीस वर्षं अक्का स्टीलच्या ताटात जेवतात आणि जेवताना एक शब्द बोलत नाहीत. त्या न बोलण्याचा शंभूराजांना धाक आहे.

जिन्यावर पावलं वाजली. अक्का तीन पायऱ्या उतरून थांबल्या. "कोण बोललं ते? बोललं का शेवटी कुणीतरी या घरात?"

"तू वर जा गं," शंभूराज म्हणाले.

"जाते की. माझी वाटी द्या आधी, तिचेपण पाच करायच्या आत."

शंभूराजांनी गॅस बंद केला. ज्योत गेली तसा माझ्या जिवात जीव आला. मग रघुजीने एकेक शब्द वेचत निहारचा डाग म्हणजे काय ते सांगितलं.

"म्हणजे मळ?" शंभूराज म्हणाले. "मळ राखा म्हणून सांगायला एवढ्या लांबून आला? अय्यो! मग त्या चिरेचं काय करायचं, आरती?"

"टोकाला भोक पाडायचं. म्हणजे पुढं जाणार नाही. मग चिरेएवढी कड कापून टाकायची."

"मग कर तूच," शंभूराज चप्पल घालत म्हणाले. "आणि काही बिनसलं तर त्या पुणेकराशी बोलायचं पण तूच. मी नाही."

ही धमकी रघुजीला बरोबर लागली. ड्रिलपेक्षा त्याला ते बोलणं भयंकर वाटलं. तरी त्याने मला मांडीवर घेतलं. चीर कुठे संपते ते दिसेना, इतकी ती बारीक झाली होती. मग त्याने थेंब थेंब पाणी सोडत, थांबत थांबत, मला तापू न देता भोक पाडलं. कानसेने चिरेभोवतीची कड अर्ध्या चंद्रासारखी काढली. दुखलं का विचारू नका. झाऱ्यानंतर मला कशाचंच काही वाटत नाही. शेवटी त्याने मला सुतळीवर टांगून वाजवलं. चीर पडल्यापासून माझ्या आवाजात एक खरखर होती, विडी ओढणाऱ्याच्या घशासारखी. ती गेली होती. मला माझाच आवाज अनोळखी वाटला. रघुजी हसला. त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आणि मग त्याची नजर खाली आली आणि हसू तिथेच थांबलं.

चिरेचं टोक नीट दिसावं म्हणून मघाशी त्याने तिथे बोट फिरवलं होतं. बोटाला चिंच होती. दहा वर्षांची सवय! भांडं हातात आलं की या माणसाचा अंगठा आपोआप घासायला लागतो. भोकाच्या बाजूला बांगडीएवढा एक गोल लख्ख पिवळा झाला होता. सगळ्या दुकानात एकट्याला पहिल्यापासून माहीत होतं की माझा डाग घालवायचा नाही, आणि त्यानेच तो घालवला. मला हसू येत होतं, पण त्याचं तोंड बघून मी हसलो नाही. सिंबलला हसायला कुणीतरी मारावं लागतं, हेही एक कारण आहे.

शंभूराज परत आले, त्यांनी तो गोल पाहिला आणि त्यांना एकदम बरं वाटलं.

"एवढंच ना? मीठ-पाणी आणि राख लाव. वर स्वल्प शेण. शनिवारपर्यंत काळा होतो. पुणेकराला काय कळतंय?"

"कळेल," रघुजी म्हणाला.

"मग कड कापली ती कळणार नाही होय? ती मात्र सांगायचीच आहे. एक सांगायचं तर दुसरं झाकून सांग. अर्धं बोललं तर निभावतं."

रघुजीने राख आणली. मीठ-पाणी कालवलं. वाटी माझ्याशेजारी ठेवली. मला खरं तर ते चाललं असतं. ज्याने बिर्याणीचा मळ जन्मदाखला म्हणून मिरवला, त्याला राखेचं काय वावडं? पण रघुजी हिशेब वेगळा करत होता. आजवर तो बोलत नव्हता, त्यामुळे त्याला कधी खोटंही बोलावं लागलं नव्हतं. आता पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशी बोलायचं, आणि सुरुवातच खोट्याने? ती राख त्याने तशीच राहू दिली आणि पावतीवरचा पत्ता दोनदा वाचला.

पुढचं सांगून मी थांबणार आहे, म्हणून त्याआधी एक विनंती. तुमच्या घरात काशाची एखादी जुनी वस्तू असेल, ताट, वाटी, घंटा, काहीही, तर तिला डाग देऊ नका आणि तिचे डाग काढू नका. कुठला डाग कुठला, हे समजत नसेल तर घरातल्या गप्प माणसाला विचारा. आणि मधून मधून तिला वाजवा. आम्ही धातू आहोत, आम्हाला शांतता मानवत नाही. मळलेलं चालतं, कापलेलं चालतं, झाकण केलेलंही चालतं. नखाने टिचकी मारून कान लावणं मात्र अपमानाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुजीने मला त्याच उशीच्या अभ्र्यात घातलं आणि मार्केटहून इलेक्ट्रॉनिक सिटीची बस धरली. कंडक्टरने "एनप्पा इदु?" म्हणून मला बोटाने ढोसलं. हे काय आहे, याला रघुजी "कंचु" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत पुन्हा ओठ हलवायला लागला. तो वाक्य पाठ करत होता. उड्डाणपुलावर ते चौदा शब्दांचं होतं, पूल उतरताना नऊ उरले.

गेटवरच्या वॉचमनने अभ्र्यात डोकावून वर फोन लावला. "सर, कोई थाली लेके आया है."

"मैंने कुछ ऑर्डर नहीं किया," निहारचा आवाज आला.

तरी वर सोडलं. निहारने दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडात ब्रश होता. रघुजीने मला बाहेर काढलं, आणि पाठ केलेलं वाक्य तिथेच गळून पडलं.

"सर, तुमचा एक डाग गेला. माझ्या हातून. चिंच लागली. कडसुद्धा मीच कापली. अण्णांनी नाही. चीर थांबलीय."

निहारने मला घेतलं. आधी त्याला अर्धा चंद्र दिसला, मग पिवळा गोल. ब्रश तोंडातच राहिला. त्याने बोट त्या गोलावरून फिरवलं, कडेवरून फिरवलं. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं.

"ओरिजिनल नाही राहिलं रे," तो फेसातून म्हणाला. ओरडला असता तर बरं, असा तो आवाज होता. "अरे, विचारायचंस तरी. फोन करायचास."

"केला होता," रघुजी म्हणाला. "मंगळवारी. मी सरी म्हणालो."

 निहारला मीटिंगमधला तो फोन आठवला. "ते तू होतास?"

 रघुजीजवळचे सगळे शब्द संपले होते. त्याने निहारच्या हातातून मला परत घेतलं, माझ्या भोकात सुतळी ओवली आणि डाव्या हाताने मला उंच धरलं. दारालगतच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर लाटणं पडलं होतं, ते उचललं. कडेवर नाही, फुगवट्याच्या जरा खाली नेम धरला आणि सकाळी साडेसात वाजता, नवव्या मजल्यावर, सगळी ताकद लावून मारलं.

मी वाजलो. सत्तर वर्षांत वाजलो नव्हतो तसा वाजलो. निहारने ब्रश तोंडातून काढला आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत हलला नाही.

"परत," तो म्हणाला.

रघुजीने लाटणं हातात नीट धरलं आणि परत मारलं.